दूरच्या यंत्रावर मांडलेला डाव

१९ मार्च २०१९. सॅन फ्रान्सिस्कोत गेम बनवणाऱ्यांची वार्षिक परिषद भरली होती आणि गूगलच्या मंचावर 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा भारदस्त गेम एका साध्या क्रोमबुकवर चालत होता. थोड्या वेळाने तोच गेम, जिथे सोडला तिथून पुढे, फोनवर सुरू झाला. मग गूगलला सापडलेल्या सर्वांत दुबळ्या पीसीवर, मग टॅब्लेटवर आणि शेवटी टीव्हीवर. यातलं एकही उपकरण तो गेम स्वतःच्या बळावर चालवू शकलं नसतं. गेम चालत होता गूगलच्या डेटा सेंटरमध्ये. पडद्यावर पोचत होती ती त्याची चलचित्रं आणि उलट दिशेने जात होते खेळणाऱ्याच्या बोटांचे हुकूम. गूगलचे सुंदर पिचाई आणि फिल हॅरिसन यांनी त्या दिवशी या सेवेचं नाव जाहीर केलं: स्टेडिया.

हे आश्वासन किती मोठं होतं, ते भारतातल्या किमती पाहिल्या की कळतं. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती आणि सोनीचा एखादा नवा मोठा गेम घ्यायचा तर वर आणखी ४,९९९ रुपये. ग्राफिक्स कार्डांची त्या वर्षी जगभर टंचाई होती आणि भाव गगनाला भिडले होते. अशा काळात जुना लॅपटॉप आणि बरं इंटरनेट एवढ्याच भांडवलावर तोच गेम तितकाच देखणा खेळता येणार असेल, तर या छंदाच्या दारात पैशाअभावी थांबलेल्या लाखो मुलामुलींसाठी ते दार उघडतं. शिवाय शंभर-शंभर जीबीचं डाउनलोड नाही, दर आठवड्याचे अपडेट नाहीत, डिस्क भरली म्हणून काय उडवायचं याची चिंता नाही. गेमची फाइल खेळाडूच्या हातात येतच नसल्याने तिच्याशी छेडछाड करून फसवणूक करणाऱ्यांचीही अडचण होते. या तंत्रात खरंच मोठं काहीतरी आहे असं मला वाटतं. म्हणूनच ते कुठे अडलं हे नीट समजून घ्यायला हवं.

स्टेडिया १९ नोव्हेंबर २०१९ रोजी १४ देशांत सुरू झाली. भारत त्यांत नव्हता. १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद झाली. जगातली बहुधा सर्वांत पसरलेली डेटा सेंटरं हाताशी असलेल्या कंपनीला हे सव्वातीन वर्षंही पेललं नाही. या अपयशाचं खापर बहुतेक वेळा इंटरनेटच्या वेगावर फोडलं जातं. ते कारण खरं असलं तरी अपुरं आहे. पण आधी तेच पाहू, कारण त्यात फार सुंदर विज्ञान आहे.

समजा, पडद्यावरच्या पात्राला दरी ओलांडायची आहे आणि तुम्ही उडीचं बटण दाबलं. घरच्या कन्सोलवर हा हुकूम कंट्रोलरकडून समोरच्या यंत्राकडे जातो, यंत्र पुढचं चित्र रंगवतं आणि टीव्ही ते दाखवतो. एवढ्यालाही वेळ लागतोच. चांगल्या कन्सोलवर अनेक गेममध्ये बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंत पन्नास ते शंभर मिलिसेकंद जातात आणि ते आपल्याला जाणवतही नाहीत. आता यंत्र शेकडो किलोमीटर दूर ठेवा. हुकूम आधी घरातल्या वायफायवरून राउटरपर्यंत जातो, तिथून फायबरने इंटरनेट कंपनीच्या केंद्रात, तिथून डेटा सेंटरमध्ये. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. त्यात गेम हुकूम वाचतो, पात्राला हवेत उचलतो, ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवतं. पण हे चित्र तसंच्या तसं पाठवता येत नाही. फुल एचडी आकाराची साठ चित्रं दर सेकंदाला न दाबता पाठवायची म्हटलं तर सुमारे तीन गिगाबिट लागतील. घरच्या जोडणीत मावायला ती दहा-वीस मेगाबिटमध्ये बसवावी लागतात, म्हणजे दीडशे ते तीनशेपट दाबावी लागतात, आणि हे काम काही मिलिसेकंदांत उरकावं लागतं. मग तेवढाच प्रवास उलट, आपल्या उपकरणात ते चित्र पुन्हा उलगडणं, आणि अखेर पडदा.

या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक कडीवर अभियंत्यांनी वेळ वाचवला आहे. चित्र दाबणारी खास मंडलं आता ग्राफिक्स कार्डांतच असतात. स्टेडियाचा कंट्रोलर फोनला किंवा टीव्हीला न जोडता थेट वायफायवरून डेटा सेंटरशी बोलायचा, म्हणजे एक टप्पा कमी. मात्र एका कडीपुढे कुणाचं काही चालत नाही, ती म्हणजे अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे निव्वळ प्रवासालाच ३९ मिलिसेकंद. समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, ती श्रीलंकेला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते, म्हणून प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ लागतो. जगातला कितीही महाग सर्व्हर आणला तरी हा आकडा खाली येत नाही. त्यासाठी डेटा सेंटरच जवळ आणावं लागतं.

या बाबतीत महाराष्ट्राची जागा मोक्याची आहे. देशाला जगाशी जोडणाऱ्या समुद्री केबलींपैकी बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्यावर येतात आणि ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची रांग उभी आहे. ठाण्याच्या किंवा पुण्याच्या खेळाडूला तिथला सर्व्हर दोन-चार मिलिसेकंदांवर मिळू शकतो. गुवाहाटीच्या खेळाडूला त्याच सर्व्हरसाठी किमान एकवीस मिलिसेकंद मोजावे लागतात, कारण ते अंतर सरळ रेषेतही दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. 'भारतात सेवा सुरू झाली' या एका वाक्यात हा फरक दडून जातो.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. सिनेमा तर खेड्यातल्या फोनवरही बिनदिक्कत चालतो, मग गेमलाच हे चोचले का? सिनेमा पाहताना पुढचे कित्येक सेकंद आधीच येऊन फोनमध्ये साठलेले असतात. मध्ये अर्धा सेकंद नेटवर्क गेलं तरी साठा पुरतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. गेममध्ये पुढचा सेकंद अजून जन्मालाच आलेला नसतो, कारण तुम्ही डावीकडे जाणार की उजवीकडे हे ठरलेलं नाही. त्यामुळे साठा करायलाच जागा नाही. चित्र दाबतानाही हीच अडचण येते. सिनेमातली एखादी फ्रेम तिच्या मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमांवरून रचता येते आणि त्यात पुष्कळ जागा वाचते. गेममध्ये फक्त मागच्या फ्रेमांचा आधार असतो, म्हणून तेवढ्याच दर्जाच्या चित्राला जास्त डेटा खर्ची पडतो. वाटेत डेटाचा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवण्याइतकीही उसंत नसते. मग गवत धूसर होतं, धुरात चौकोन दिसतात, किंवा चित्र क्षणभर गोठतं.

अनुभवी खेळाडूंना विचारा, ते सांगतील की स्थिर उशीर परवडतो, पण हेलकावे खाणारा उशीर नको. ऐंशी मिलिसेकंद सतत लागत असतील तर हाताला थोड्या वेळात सवय होते. कधी चाळीस, कधी दोनशे असं झालं तर सवय व्हायला काही उरतच नाही. आणि हे हेलकावे बऱ्याचदा कंपनीच्या नाही, आपल्याच घरात तयार होतात. तुम्ही खेळत असताना घरातल्या कुणाच्या फोनने दिवसभरातले फोटो क्लाउडवर चढवायला सुरुवात केली की राउटरमध्ये रांग लागते आणि तुमचा उडीचा हुकूम त्या फोटोंच्या मागे उभा राहतो. स्पीड टेस्टवर मात्र दोनशे एमबीपीएस झळकत असतात! वेग म्हणजे नळाची रुंदी, आणि उशीर म्हणजे नळ उघडल्यावर पहिला थेंब पडेपर्यंतचा वेळ, हे लक्षात ठेवलं तर जाहिरातींतल्या आकड्यांनी फसगत होत नाही. राउटरपासून उपकरणापर्यंत साधी केबल जोडणं आणि टीव्हीवर 'गेम मोड' लावणं या दोन फुकटच्या उपायांनी जो फरक पडतो, तो महागड्या प्लॅननेही पडत नाही.

डेटाचा हिशेबही हातासरशी करून टाकू. दहा एमबीपीएस दराने तासाला साडेचार जीबी लागतात. रोज दोन जीबीच्या मोबाइल रिचार्जवर खेळायला बसलात तर सत्ताविसाव्या मिनिटाच्या आत दिवसाचा कोटा संपतो. स्टेडियाने सर्वोच्च दर्जासाठी ३५ एमबीपीएस मागितले होते, म्हणजे तासाला जवळपास सोळा जीबी. घरगुती फायबरला हे सहज झेपतं. म्हणजे 'कुठेही, कधीही' हे जाहिरातीतलं वाक्य आपल्याकडे आज मुख्यतः फायबर असलेल्या घरापुरतंच खरं आहे.

एवढं सगळं असूनही तंत्र चालतं. याचा पुरावा डिसेंबर २०२० मध्ये मिळाला. 'सायबरपंक २०७७' हा बहुचर्चित गेम जुन्या कन्सोलांवर इतका मोडकळीस आलेल्या अवस्थेत आला की सोनीने तो आपल्या दुकानातून काही दिवसांत काढून टाकला. पीसीवर तो चांगला चालायचा, पण त्यासाठी लागणारी ग्राफिक्स कार्डं मिळत नव्हती. त्या आठवड्यांत स्टेडियावर मात्र हाच गेम साध्या लॅपटॉपवर समाधानकारक खेळता येत होता. ठोसाठोशीच्या गेममध्ये, जिथे एकेका फ्रेमवर हारजीत ठरते, तिथे हे तंत्र आजही तोकडं पडतं. पण कथेवर चालणाऱ्या, भटकंतीच्या, आळीपाळीने खेळायच्या गेमना ते पुरेसं आहे.

तर मग बिनसलं कुठे? एक जागा म्हणजे पैशाचा हिशेब.

सिनेमा एकदा तयार करून ठेवला की त्याची तीच फाइल लाखो लोकांना पाठवता येते. ते पंगतीसारखं आहे: एकदा रांधलं, की वाढत जायचं. गेमचं स्ट्रीमिंग म्हणजे समोर बसलेल्या प्रत्येकाला तव्यावरची पोळी ताटात वाढणं. जितकी पानं, तितके तवे. प्रत्येक खेळाडूसाठी तो खेळत असेपर्यंत ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा एक हिस्सा अडकून पडतो. आणि खेळाडू येतात ते एकाच वेळी, रात्री जेवणं झाल्यावर. त्या गर्दीसाठी यंत्रं घ्यावी तर दुपारी ती रिकामी, आणि न घ्यावी तर रात्री रांग. रिकामी यंत्रं दुसऱ्या देशातल्या खेळाडूंना द्यावीत म्हटलं, तर पुन्हा अंतर आडवं येतं. अमेरिकेत रात्र असताना आपल्याकडे सकाळ असते, पण अमेरिकेतल्या खेळाडूला ऐरोलीतलं यंत्र देऊन चालत नाही.

या गणितात पहिली मोठी कंपनी बुडाली ती ऑनलाइव्ह. स्टीव्ह पर्लमन हे ॲपलमध्ये क्विकटाइमवर काम केलेले, नंतर वेबटीव्ही काढून ती मायक्रोसॉफ्टला विकलेले उद्योजक. मार्च २००९ मध्ये, म्हणजे स्टेडियाच्या बरोबर दहा वर्षं आधी, त्याच सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्याच परिषदेत त्यांनी ऑनलाइव्ह दाखवली. जून २०१० मध्ये ती अमेरिकेत सुरू झाली. दुसऱ्याचा खेळ थेट बघता येणं, गेम विकत घेण्याआधी अर्धा तास खेळून पाहणं, पराक्रमाची छोटी क्लिप जपून ठेवणं अशा आज सर्रास असलेल्या कल्पना तिथे होत्या. पण सर्व्हर आधी घेतले आणि गिऱ्हाइकं आलीच नाहीत. त्या वेळच्या बातम्यांनुसार हजारो सर्व्हर उभे होते आणि एका वेळी खेळणारे जगभरात दोन हजारांच्याही आत. ऑगस्ट २०१२ मध्ये कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला आणि कंपनीची मालमत्ता अवघ्या ४८ लाख डॉलरना विकली गेली. त्याच उन्हाळ्यात सोनीने गाइकाई ही प्रतिस्पर्धी कंपनी ३८ कोटी डॉलरना घेतली. ऑनलाइव्हची पेटंटंही पुढे, २०१५ मध्ये, सोनीकडेच गेली आणि ३० एप्रिल २०१५ रोजी सेवा बंद झाली.

आजच्या कंपन्यांनी या गणितावर निरनिराळे तोडगे काढले आहेत. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊमध्ये फुकट खेळणाऱ्याला रांगेत थांबावं लागतं आणि एक तासाने उठावं लागतं. पैसे भरणाऱ्यांनाही २०२५ पासून महिन्याला शंभर तासांची मर्यादा आहे. मायक्रोसॉफ्टने सुरुवातीला चक्क एक्सबॉक्सचेच भाग सर्व्हरच्या कपाटांत बसवले, म्हणजे गेममध्ये बदल करावे लागत नाहीत आणि जे यंत्र कारखान्यात तसंही लाखोंनी बनतं तेच वापरता येतं. शिवाय ती सेवा गेम पास या आपल्या गेमच्या वर्गणी योजनेत गुंफली, म्हणजे एकट्या स्ट्रीमिंगने नफा मिळवलाच पाहिजे अशी सक्ती उरली नाही. मला वाटतं, टिकून राहणाऱ्या सेवांचं हेच समान सूत्र आहे. त्यांच्यासाठी स्ट्रीमिंग हे मोठ्या दुकानाचं एक दार आहे. ऑनलाइव्ह आणि स्टेडियाचं संपूर्ण दुकानच त्या दारात थाटलेलं होतं.

दुसरी जागा म्हणजे विश्वास, आणि माझ्या मते स्टेडिया खरी पडली ती इथे. स्टेडियावर गेम पूर्ण किमतीला विकत घ्यावा लागे. तोच गेम तुमच्याकडे पीसीवर किंवा प्लेस्टेशनवर असला तरी पुन्हा. आणि हा विकत घेतलेला गेम गूगलच्या डेटा सेंटरबाहेर कुठेच चालत नसे. मग गिऱ्हाइकाच्या मनात साधा प्रश्न येई: उद्या यांनी सेवा गुंडाळली तर? बंद केलेल्या सेवांची गूगलची यादी लांबलचक आहे, तेव्हा ही शंका काही हवेतून आलेली नव्हती. त्यात १ फेब्रुवारी २०२१ रोजी गूगलने स्वतःचे गेम बनवण्यासाठी काढलेले स्टुडिओ बंद केले. त्यांच्यातून स्वतंत्र असा एकही मोठा गेम बाहेर आला नव्हता. शंकेने विक्री घटली, घटलेल्या विक्रीने नवे गेम येईनात, आणि नवे गेम नाहीत म्हणून शंका वाढली. बाहेरच्या कंपन्यांना स्टेडियासाठी गेम लिनक्सवर नव्याने बसवावा लागे, तेव्हा त्यांनाही हात आखडता घ्यायला निमित्त होतं.

बंद करताना गूगल चांगलं वागलं, हे सांगायलाच हवं. गूगलकडून घेतलेल्या उपकरणांचे आणि गेमचे पैसे परत मिळाले. कंट्रोलरमध्ये झोपून असलेलं ब्लूटूथ जागं करायचं साधन दिलं, म्हणून ते कचऱ्यात गेले नाहीत. यूबीसॉफ्टने स्टेडियावर आपले गेम घेतलेल्यांना ते पीसीवर दिले. खेळाडूंना आपल्या सेव्ह फाइल उतरवून घेता आल्या, पण बऱ्याच गेमच्या बाबतीत त्या दुसरीकडे चालवायच्या कशा हा प्रश्न राहिलाच. शंभर तास खपून वाढवलेलं पात्र एका फाइलमध्ये आपल्याकडे आहे आणि ती फाइल उघडणारं यंत्र जगात नाही, अशी ती अवस्था. परत आलेल्या पैशांत या शंभर तासांची भरपाई धरलेली नव्हती, आणि धरता येण्यासारखीही नव्हती.

जीफोर्स नाऊने उलटी वाट धरली. गेम तुमचाच, स्टीमसारख्या दुकानातून तुम्ही आधीच घेतलेला. आम्ही फक्त ताकदवान संगणक भाड्याने देतो. सेवा बंद पडली तरी गेम तुमच्याकडे. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर याहून न्याय्य व्यवस्था मला दिसत नाही. पण फेब्रुवारी २०२० मध्ये ही सेवा खुली होताच ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड आणि बेथेस्डा यांनी आपले गेम काढून घेतले. मार्चमध्ये 'द लाँग डार्क' बनवणाऱ्या हिंटरलँड या छोट्या कॅनेडियन स्टुडिओनेही, आमची परवानगी न घेता गेम ठेवला, अशी तक्रार करून तो काढायला लावला. मी पैसे मोजून घेतलेला गेम माझ्या संगणकावर खेळायचा की भाड्याच्या संगणकावर, हे मी ठरवणार की बनवणारा? छोट्या स्टुडिओची बाजूही समजण्यासारखी आहे, कारण आपल्या कामावर दुसरा कुणी धंदा उभा करत असेल तर निदान विचारावं, ही अपेक्षा वावगी नाही. अखेरीस एनव्हिडियाने बनवणाऱ्यांच्या संमतीनेच गेम ठेवायचे ठरवलं.

गेम स्ट्रीम करू देण्याचा हा हक्क केवढा मोलाचा आहे, ते पुढे सरकारांनाही उमगलं. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड सुमारे ६९ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं तेव्हा ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये हा व्यवहार रोखला. कारण काय, तर क्लाउड गेमिंगच्या उगवत्या बाजारावर एकाच कंपनीची पकड बसेल. त्या बाजाराची उलाढाल तेव्हा कन्सोलच्या तुलनेत अगदीच किरकोळ होती. तरीही व्यवहार पुढे सरकला तो ॲक्टिव्हिजनच्या गेमचे स्ट्रीमिंगचे हक्क, युरोपीय आर्थिक क्षेत्र वगळता, पंधरा वर्षांसाठी यूबीसॉफ्टच्या हवाली केल्यावरच. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी तो पूर्ण झाला. तिकडे ॲपलने २०२० पासून आयफोनच्या ॲप स्टोअरवर अशा सेवांना आडकाठी घातली होती. स्ट्रीमिंगमधला प्रत्येक गेम वेगळं ॲप म्हणून आणा, असा तिचा आग्रह होता. कंपन्या मग ब्राउझरच्या वाटेने आयफोनवर शिरल्या. २०२२ मध्ये तर ॲप स्टोअरमधून काढून टाकलेला 'फोर्टनाइट' याच वाटेने पुन्हा आयफोनवर खेळता येऊ लागला. ॲपलने ही अट सैल केली ती जानेवारी २०२४ मध्ये.

भारतात ही सेवा आता कुठे रुजते आहे. जिओने आपली जिओगेम्स क्लाउड आणली, मायक्रोसॉफ्टने आपली सेवा २०२५ मध्ये इथे सुरू केली. त्याआधीची वर्षं आपण वंचितच होतो, आणि त्याचा एक चमत्कारिक परिणाम प्लेस्टेशनवर दिसला. प्लेस्टेशन ३ मधला प्रोसेसर इतका वेगळ्या धाटणीचा होता की त्याचे गेम सोनी नव्या कन्सोलवर थेट चालवत नाही. ते डेटा सेंटरमधल्या प्लेस्टेशन ३ च्या खास यंत्रांवर चालवून स्ट्रीमिंगने पाठवले जातात. जून २०२२ मध्ये सोनीने वर्गणीची नवी रचना आणली तेव्हा भारतात स्ट्रीमिंगवाला 'प्रीमियम' दर्जा न देता त्याविना 'डीलक्स' दर्जा दिला. म्हणजे अमेरिकेतल्या खेळाडूला वर्गणीत मिळणारे प्लेस्टेशन ३ चे गेम भारतातल्या खेळाडूला मिळाले नाहीत. एकच उदाहरण, पण त्यात दोन्ही बाजू दिसतात. स्ट्रीमिंगमुळे जुने गेम जुन्या यंत्राशिवाय जगू शकतात, आणि ते कुणी खेळायचे हे एका कंपनीच्या नकाशावर ठरतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती फक्त स्ट्रीमिंगसाठीच बनलेल्या गेमची. 'आउटकास्टर्स' नावाचा रंगीबेरंगी बहुखेळाडू गेम स्प्लॅश डॅमेज या ब्रिटिश स्टुडिओने केवळ स्टेडियासाठी बनवला होता. स्टेडियाबरोबर तो संपला. 'गिल्ट' हा दुसरा गेम नशीबवान ठरला, २०२३ मध्ये तो इतर यंत्रांवर आला. डिस्कवरचा किंवा डाउनलोड केलेला गेम कंपनी बुडाली तरी कुणाच्या तरी कपाटात, कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर उरतो, आणि हौशी लोक तो वर्षानुवर्षं जिवंत ठेवतात. स्ट्रीमिंगच्या गेमची प्रत खेळाडूंच्या हाती कधी आलेलीच नसते. तसंही अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असं आढळलं की तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गाने मिळतच नाहीत. ज्यांच्या प्रती होत्या त्यांची ही गत!

कायदे हळूहळू जागे होत आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, कंपनीला पुढे कधीही काढून घेता येईल अशी डिजिटल वस्तू विकताना, तुम्हाला मिळतो आहे तो फक्त वापराचा परवाना, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. युरोपात 'द क्रू' हा गेम मार्च २०२४ अखेर कंपनीने बंद केल्यावर 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि तिच्या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त युरोपीय नागरिकांच्या सह्या झाल्या. 'द क्रू' स्ट्रीमिंगचा गेम नव्हता, लोकांच्या डिस्कवर तो होता. तरीही कंपनीचा सर्व्हर बंद होताच तो निकामी झाला.

आपल्याकडे पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. पुस्तक खपो न खपो, प्रकाशन संस्था चालो वा बंद पडो, प्रत राहते. पुण्या-मुंबईत आज गेम बनवणारी तरुण मंडळी आहेत आणि त्यांच्यापैकी काही जण उद्या थेट एखाद्या स्ट्रीमिंग सेवेसाठीच गेम बनवतील. अशा गेमची चालू अवस्थेतली एक प्रत, ती चालवायला लागणाऱ्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरसह, एखाद्या सार्वजनिक संग्रहाकडे ठेव म्हणून गेली पाहिजे आणि सेवा बंद झाल्यावर संशोधकांना ती उघडता आली पाहिजे. कंपनीचं यात फारसं काही जात नाही, कारण ही प्रत तिच्याकडे तयारच असते. ही अट घालायची वेळ सेवा सुरू होतानाची आहे, ती गुंडाळली जात असतानाची नाही, आणि भारतात ती वेळ सध्या चालू आहे.